काकू, त्या दोन पानांसाठी मनापासून आभार

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या विजय नगरातल्या घरी बाळ सांभाळायच्या माझ्या कामाचा, तुमच्या मदतीनं लिहिलेला दोन पानांचा करार झाला. दोन्हीकडच्या सह्या झाल्या, एक प्रत बाळाच्या घरच्या ताईंकडे, एक माझ्याकडे. हे पत्र सगळ्यांसाठी खुलं लिहितेय. लोकमान्य नगर, सुदामा नगरातून रोज बाळं सांभाळायला जाणाऱ्या कितीतरी जणींना तुम्ही मला सांगितलेलं कळायला हवं.

आधीच्या घरी सगळं तोंडी होतं. बाळ झोपलं की भांडी, मग पोछा, मग पाहुण्यांचा चहा. घरचे उन्हाळ्यात बाहेरगावी गेले की तेवढ्या दिवसांचा पगार कापलेला. तुम्ही म्हणालात, १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो, पण वाद झाला तर सिद्ध कशानं करशील? मग आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगार करारातली यादी वाचून दाखवलीत: कामाचं ठिकाण, सुरुवातीची तारीख, कामाचं स्वरूप, पगार, तास, सुट्ट्या, काम सोडण्याच्या अटी. भारतानं तो करार अजून स्वीकारलेला नाही, पण त्या यादीनं आपल्याला काहीच विसरू दिलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही कामाच्या स्वरूपावर घालवलात, आणि ते किती बरं झालं! बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, बाटल्या माझ्याकडे. घरची भांडी आणि झाडूपोछा नाही. बाळ झोपलेलं असतानाही मी कामावरच असते, हे वाक्य तुमचंच. ते वाचून ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे खरंच आहे." घरचे गावाला गेले तरी पूर्ण पगार, संध्याकाळी सातनंतर थांबले तर तासाचे वेगळे पैसे, आठवड्याची सुट्टी, आणि रंगपंचमीची सुद्धा. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडून घरी पोचायचं म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. काम सोडायचं किंवा सोडवायचं तर महिनाभर आधी सांगायचं, दोघांनीही.

ताईंनीही दोन अटी घातल्या: विचारल्याशिवाय बाळाला कुठलंही औषध नाही, आणि त्याचे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत. दोन्ही मला पटल्या. लेकरू त्यांचं आहे.

घरकाम करणाऱ्या बाईला कामाच्या घरी कुणी लैंगिक त्रास दिला तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हेही तुमच्याकडूनच कळलं. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीच्या ई-श्रम कार्डासाठी आधार घेऊन तुम्ही स्वतः माझ्याबरोबर आलात. तुमची फी विचारली तर रागावलात.

काकू, पगाराचं बोलताना आता माझी मान खाली जात नाही. आमच्या गल्लीतल्या दोघींनाही असाच कागद करायचाय. रविवारी दुपारी त्यांना घेऊन येऊ का? कळवा.

तुमची,
बाळ सांभाळणारी लेक