आत की बाहेर

ग्रोनिंगन, नेदरलँड्स
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बापू,

परवा फोनवर तू बोललास कमी आणि गप्पच जास्त होतास. शेवटी "हेडसरांना सांगणारे, खेळाचं दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, मी आपला भूगोल शिकवतो" एवढं म्हणालास आणि फोन ठेवलास. मला ऐन वेळी काही सुचत नाही, हे तुला आठवीपासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसलोय.

आधी मला नीट कळलंय का बघ. 200 मीटरचं ग्राउंड, फक्कीच्या रेषा निम्म्या पुसलेल्या, 3000 मीटरच्या पंधरा फेऱ्या. तू मोजत होतास, मध्येच कुणीतरी चेस्ट नंबर विचारायला आलं, आणि तेरा फेऱ्या झाल्यावर तू ओरडलास, "शेवटचा राउंड!" तुझ्या शाळेची पोरगी पहिली होती. जीव तोडून पळाली, रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, आणि नेमकी तेव्हाच शेवटच्या फेरीची घंटा वाजली. बाकीच्या तिच्या अंगावरून पुढे गेल्या. असंच ना?

बापू, ही गोष्ट मी आधी एकदा पाहिली आहे. बर्फावर, आणि ऑलिंपिकमध्ये.

तू मला नेहमी चिडवतोस की तुमच्या हॉलंडात माणसं गोल गोल फिरतात आणि लोक तिकीट काढून ते बघतात. बघतात खरं. इथून अर्ध्या-पाऊण तासावर हेरेनफेन म्हणून गाव आहे, तिथे टिआल्फ नावाचं बर्फाचं स्टेडियम आहे. त्याच गावात 1986 साली स्वेन क्रामर जन्मला. बाप येप क्रामर, तोही ऑलिंपिकमध्ये स्केटिंग केलेला. आपल्याकडे पैलवानाचा पोरगा जसा कळायला लागायच्या आधी तालमीत जातो, तसं हे.

खेळ सोपा दिसतो. 400 मीटरचा बर्फाचा पट्टा, दोन लेन, एका वेळी दोघं, पण निकाल सगळ्या जोड्यांच्या वेळेवरून. आतली लेन अर्थात लांबीला कमी, म्हणून दर फेरीला पलीकडच्या सरळ भागावर दोघांनी लेन बदलायची: आतला बाहेर, बाहेरचा आत. 10,000 मीटरला अशा पंचवीस फेऱ्या. कमरेत वाकून, हात पाठीवर बांधून, ताशी पंचेचाळीसच्या वर वेगानं तेरा मिनिटं. मी एकदा त्या पोझमध्ये दोन मिनिटं नुसता उभा राहिलो होतो, मांड्या पेटल्या. आणि लेन बदलायच्या त्या सरळ भागावरच कोच उभा असतो, हातात पाटी. गेल्या फेरीला किती सेकंद लागले ते पाटीवर लिहायचं, खेळाडू सुसाट जाताना त्याच्यापुढे धरायचं, ओरडायचं. तू स्टॉपवॉच घेऊन करतोस तेच काम.

2010 सालचं व्हँकुव्हर. क्रामरचा कोच गेरार्ड केमकर्स. हा कुणी नवशिका नव्हता बरं का, 1988 ला कॅलगरीत त्यानं स्वतः 5000 मीटरचं ब्राँझ घेतलं होतं. क्रामरनं 5000 चं सोनं आधीच खिशात घातलेलं. 10,000 चा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर, 12:41.69, तोही तीन वर्षं जुना. म्हणजे 23 फेब्रुवारीला फक्त जाऊन मेडल आणायचं, असाच इथे सगळ्यांचा भाव होता.

मी तेव्हा एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. आजोबा टीव्हीसमोर कागद-पेन घेऊन बसलेले. प्रत्येक फेरीचा वेळ लिहितात हे लोक, आपण स्कोअर लिहायचो तसा. शेवटची जोडी: क्रामर आणि रशियाचा इवान स्कोब्रेव. क्रामर आरामात पुढे. आठेक फेऱ्या उरलेल्या असताना तो लेन बदलायच्या जागी आला. त्याला बाहेर जायचं होतं, आणि तो निघालाही होता बाहेरच. केमकर्सची मान पाटीत. त्यानं वर पाहिलं, त्याला वाटलं पोरगं चुकतंय, आणि तो ओरडला, आत जा! क्रामर एक क्षण अडखळला आणि शंकू यायच्या आत लेन सोडून आत घुसला. कोचचं ऐकलं, बास.

आजोबांनी पेन खाली ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. मला काही कळेना, मी विचारतोय काय झालं, काय झालं, आणि टीव्हीवर दोघंही आतल्या लेनमध्ये.

पुढच्या आठ फेऱ्या तो माणूस तसाच पळाला रे. त्याला माहीतच नव्हतं. 12:54.50 मध्ये संपवलं, कोरियाच्या ली सुंग-हूनपेक्षा चार सेकंदांनी पुढे, हात वर केले. मग केमकर्स जवळ आला आणि त्यानं सांगितलं. क्रामरनं डोळ्यांवरचा चष्मा काढून भिरकावला. लेन चुकली म्हणून क्रामर बाद, सोनं लीला गेलं.

क्रामर संतापला, आणि ते त्यानं लपवलं नाही. मी बाहेर जात होतो, यानं मला आत घातलं, असं त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं. केमकर्सही कॅमेऱ्यापासून पळाला नाही. चूक माझी, म्हणाला. इथे घराघरात दोन तट पडले. आमचे आजोबा म्हणायचे, पंचवीस फेऱ्या पळणाऱ्याला स्वतःची लेन माहीत नको? आजी म्हणायच्या, मग कोच कशाला उभा करतात? मी आजींच्या बाजूनं होतो. अजूनही आहे, म्हणजे तुझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. चूक तुझीच आहे. ते तुलाही माहीत आहे, त्या पोरीलाही माहीत आहे.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं. सगळ्यांना वाटलं, आता क्रामर कोच बदलणार. बदलला नाही. महिनाही झाला नव्हता, मार्चमध्ये टिआल्फमध्येच ऑलराउंडची जागतिक स्पर्धा होती. चारही अंतरं पळायची, 500 पासून 10,000 पर्यंत, तीही शनिवार-रविवारात. क्रामर सलग चौथ्यांदा जगज्जेता झाला. आणि पलीकडच्या सरळ भागावर पाटी घेऊन कोण उभा होता? केमकर्स. मला त्या दिवशी क्रामरपेक्षा त्याच्याकडेच बघावंसं वाटत होतं. अख्खा देश ज्या पाटीकडे बोट दाखवत होता, ती पाटी हातात घेऊन परत त्याच जागी उभं राहायचं. मला नसतं जमलं.

असं का झालं असेल, यावर माझा एक अंदाज आहे. 2006 ला ट्युरिनमध्ये क्रामर एकोणीस वर्षांचा होता. सांघिक शर्यतीत तिघं एकामागे एक पळतात. उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध त्याचा पाय लेनच्या कडेच्या ठोकळ्यावर पडला, तो आपटला आणि कार्ल फेरहाइयनलाही घेऊन गेला. सोन्याची आशा तिथेच संपली, ब्राँझवर भागलं. म्हणजे आपल्या चुकीनं दुसऱ्याचं मेडल जाणं काय असतं, हे त्याला कोचच्या चार वर्षं आधी कळलं होतं. त्यानं असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही, हे माझं आपलं.

आता तुला वाटेल, पुढे त्यानं ते सोनं जिंकून दाखवलं असणार आणि मी तेच सांगायला पत्र लिहितोय. नाही ना जिंकलं! 2010-11 चा अख्खा हंगाम पायाच्या दुखण्यानं घरी बसला. परत आला, 2014 ला सोचीत 5000 चं सोनं घेतलं, सांघिक सोनंही घेतलं, पण 10,000 ला त्याच्याच देशाचा योरिट बर्ग्समा साडेचार सेकंदांनी पुढे गेला. 2018 ला कोरियात 5000 चं लागोपाठ तिसरं सोनं, पण 10,000 ला सहावा. तिथं टेड-यान ब्लूमन जिंकला, तोही मूळचा इथलाच, पण कॅनडाकडून पळणारा. 2022 ला बीजिंगमध्ये 5000 ला नववा आला. पस्तीस वर्षांचा, पाठ धरलेली. तिथेच थांबला. चार सोन्यांसह ऑलिंपिकची नऊ मेडल्स, ऑलराउंडची नऊ जगज्जेतेपदं, आणि 10,000 ची जागा रिकामी ती रिकामीच.

केमकर्सनं घालवलेलं परत कधी आलं नाही, बापू. आणि तरी सोचीपर्यंत तो पाटी घेऊन उभा राहिला, आणि क्रामर जाता जाता त्या पाटीकडे बघत राहिला. मला ही गोष्ट मेडलांपेक्षा मोठी वाटते. लोक मात्र अजून ती लेनच काढतात.

तुझ्या पोरीची जिल्ह्याची शर्यत गेली, ती काही परत येणार नाही. त्यावर मी मलम लावत नाही. फक्त हेडसरांकडे जायच्या आधी तिला विचार. तिला न विचारता तिचा सर बदलला तर कसं वाटेल ते तिचं तिला ठरवू दे. सोळा वर्षांची आहे, बोलेल. कदाचित ओरडेलही तुझ्यावर. ऐकून घे.

आणि एक, तू मोजणं आणि ओरडणं दोन्ही एकटा करू नकोस. एका पोराला पंधरा खडे देऊन रेषेवर बसव, दर फेरीला एक खडा टाकायचा. आपल्या वेळी सरांनी तुलाच बसवलं होतं तसं, आणि तू त्यातले दोन खडे बोरांच्या झाडावर मारले होतेस, आठवतंय का? मी दोन फेऱ्या जास्त पळालो असेन त्या दिवशी. तुला आजवर बोललो नाही.

आई-अण्णांना नमस्कार, वहिनींना सांग लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. आणि परवा एवढं सगळं सांगितलंस, पण सोमवारी ती पोरगी ग्राउंडवर आली होती का, ते सांगितलंच नाहीस. तेवढं कळव.

तुझा,
बंड्या