चांदणी ओढ्यात उतरली

प्रिय नंदे,

फोनच करणार होते पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. आज चांदणी घोडी ओढ्यात उतरली. स्वतःहून!! घरी सांगितलं तर आई म्हणाली, बरं, जेवून घे. आता हे तुला नाही तर कुणाला सांगू?

बाबांची शुगर आटोक्यात आहे, बाकी सगळे मजेत.

ती आली तेव्हा तोंडाजवळ हात नेला की अशी मान उडवायची की उस्तादसुद्धा मागे सरायचे, आठवतंय ना? जिभेवर ते काटेरी लगामाचे वण. जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे त्याला, तरी वरातीत बघ, अजून दिसतो. तेव्हा तू म्हणालीस आधी मालक कोण ते दाखव, नाहीतर डोक्यावर बसेल, आणि आपलं जे वाजलं! माझा राग अजून पुरता गेलेला नाही हं. पण तिला आपला मान वाटायला हवाच गं. खरारा करताना ती मला खांद्याने भिंतीला चेपायची, तिथे गूळ काय कामाचा. मग बरगडीवर नुसतं बोट टेकवायचं, पाऊलभर सरकली की त्याच क्षणी काढून घ्यायचं. जरा उशीर झाला तर आपण काय बरोबर केलं ते तिला कळतच नाही. अंगावर माशी बसलेली कळते तिला, टाचा कशाला हाणायच्या? आता मी खोगिरात बसून लांब श्वास सोडला तरी दुडकीवरून चालीवर येते.

तर ओढा. घोड्याला अगदी नाकाखालचं दिसत नाही, पाणी बघायला मान खाली घालावी लागते, आणि सगळे नेमकं तेव्हाच लगाम खेचून मान वर धरतात आणि टाचा मारतात. मी लगाम सैल सोडला आणि बसून राहिले. मागे वळायला लागली की फक्त तोंड पुन्हा पाण्याकडे. तिने हुंगलं, खुराने पाणी उडवलं, एक कान पाण्याकडे एक माझ्याकडे, आणि गेली की गं सरळ पलीकडे. मी रडले.

पण मालक तिला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेतोय, विकायला. तिथे सगळे उंची बघणार, ते टोकाला टोक लागणारे मारवाडी कान बघणार, नाचते का विचारणार, तोंडाचं कोण विचारतंय? पहिल्याच दिवशी कुणीतरी लगाम हिसडणार, परत तोच काटेरी घालणार, आणि ती पुन्हा मान उडवायला लागली की म्हणणार घोडी वाईट आहे. मला झोप येत नाहीये नंदे. किंमत मी हप्त्याने देते म्हटलंय, तो तयार आहे, पण तबेल्याचं भाडं, चंदी, दर दीड महिन्याने नाल, सगळं मिळून नाही झेपणार.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा गुडघा? तुझं पोपटी हेल्मेट अजून इथल्या खुंटीवर आहे, चांदणी त्याला अजून बिचकते.

मामांच्या वाड्यामागचा गोठा रिकामाच आहे ना? छप्पर गळत असेल तर मी करून घेते. मालकाला गुरुवारी सांगायचंय. आधी मामांना विचार, मग मला काय ओरडायचंय ते ओरड.

तुझीच,
शमी