लिनक्स आहे म्हणून जोडणी अडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०च्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. घरातला जुना संगणक भंगारात द्यायचे जिवावर आले, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम घातली. आजही उत्तम चालतो. गेल्या महिन्यात फायबरची जोडणी घेतली, तेव्हा आलेला मुलगा स्क्रीन बघून म्हणाला, "सर, लिनक्सवर आमचं नेट चालत नाही. विंडोजचा लॅपटॉप आणा." बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी त्याच्याच डब्यातली लॅन केबल मी संगणकाला लावली आणि नेट लगेच सुरू झाले.

त्या मुलाला बोल लावत नाही, त्याला तसेच सांगितलेले असणार. पण कंपनीचे लॉगिन राउटर करतो, संगणक नव्हे. शिवाय बहुतेक घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्सच असते. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरात ते निघाले म्हणून कंपनीला २००३मध्ये लिनक्सच्या परवान्याप्रमाणे त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली लिनक्स प्रणाली उभी राहिली.

लिनक्सवाल्यांची खरी अडचण असते स्वस्तातल्या यूएसबी वायफाय डोंगलची. मीडियाटेकच्या अनेक चिपांचे ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. रिअलटेकच्या काही चिपांना मात्र ते बाहेरून आणून बसवावे लागतात, आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा तीच खटपट. म्हणून डब्यावरचे नाव न बघता आतली चिप विचारावी.

स्वतःचा राउटर घेणार असाल तर ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरांच्या यादीत आधी मॉडेल शोधा, आणि मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही. एकाच नावाच्या दोन व्हर्जनांत चिपा वेगळ्या निघतात, दुकानदाराला ते ठाऊक नसते. १६ एमबी फ्लॅश (साठवण) आणि १२८ एमबी रॅम याहून कमीचा घेऊ नये. ब्रॉडकॉम चिपचा तर टाळाच, त्याच्या वायफायला खुले ड्रायव्हर नीट नाहीत. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल फार लांब जात नाही. महागडा राउटर घेण्यापेक्षा माजघरापर्यंत एक लॅन केबल ओढलेली बरी.

कंपनीचा ओएनटी डबा (फायबर येऊन लागते तो) मात्र काढून टाकता येत नाही, कारण त्याची नोंद त्यांच्या यंत्रणेत असते. तो ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे नेट नुसते आपल्या राउटरकडे सोपवण्यापुरता ठेवून, पीपीपीओईचे (कंपनीच्या लॉगिनचे) युजरनेम-पासवर्ड आपल्याला दिले की पुरे. मला ते मागूनही मिळालेले नाहीत. पैसे मी भरतो, घर माझे, तरी माझ्या घरच्या नेटवर्कची किल्ली माझ्याकडे नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक. राउटरच्या वॅन पत्त्याची (कंपनीकडून त्याला मिळालेल्या आयपीची) सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून घरच्या संगणकावर एसएसएचने (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीने) थेट येता येणार नाही. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटची नवी पत्तापद्धत, मिळत असेल तर वाट निघू शकते. पण जोडणी विकताना फक्त एमबीपीएस सांगतात, हे कोणी सांगत नाही.

गोव्यातल्या सर्व ब्रॉडबँड कंपन्यांना माझी विनंती आहे: ब्रिज मोड मिळेल का, सार्वजनिक आयपी मिळेल का आणि आयपीव्ही६ आहे का, हे तीन तपशील पैसे घेण्याआधी अर्जावर छापा.

– एक वाचक, डिचोली