नव्या भिंतींना रंगाची घाई कशासाठी?

संपादक महोदय,

नव्या घराचा ताबा मिळून वर्ष उलटण्याच्या आतच भिंतींना भेगा पडणे, रंगाचे पोपडे निघणे, पांढरी भुकटी वर येणे या तक्रारी इतक्या सर्रास झाल्या आहेत की, त्यांचे आता कोणाला नवल वाटत नाही. माझा आक्षेप त्यांवर केल्या जाणाऱ्या उपायाला आहे. तक्रार केली की बांधकाम व्यावसायिक रंगाऱ्याला पाठवतो, तो पोपडे खरवडून पुट्टी भरतो, वर रंगाचे दोन हात मारतो आणि तक्रार निकाली निघाल्याची सही घेतली जाते. दोष गिलाव्यात असेल, तर तो तसाच राहतो आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा डोके वर काढतो.

सिमेंटचा गिलावा वाळताना थोडा आकसतोच, त्यामुळे पहिल्या वर्षातल्या केसासारख्या बारीक चिरांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु गिलाव्याला किमान 7 दिवस पाणी मारले गेले नसेल, वाळूत माती जास्त असेल किंवा पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा म्हणून गवंड्याने वरून कोरडे सिमेंट भुरभुरून थापी फिरवली असेल, तर भिंतभर भेगांचे जाळे उमटते. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर जाळी न ठोकता गिलावा केला, की तेथे उभी सरळ भेग पडते. ती नुसत्या पुट्टीने बुजत नाही, तर गिलावा फोडून, जाळी लावून तेवढी पट्टी नव्याने करावी लागते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत जाणारी भेग हा मात्र रंगाऱ्याचा विषयच नव्हे. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिली पाहिजे.

रंगाचे बहुतेक दोष घाईतून येतात. ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याच्या पोटात बरेच पाणी असते. साधारण 28 दिवस, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक, थांबण्याऐवजी ताब्याची तारीख गाठण्यासाठी त्यावर रंग चढवला, तर बाहेर पडू पाहणारा ओलावा रंगाला फुगे आणतो, तेलरंग चिकट होऊन सुटतो आणि विरघळलेले क्षार वर येऊन लोणा, म्हणजे ती पांढरी भुकटी, धरतो. हा लोणा पाण्याने धुणाऱ्यांची मला गंमत वाटते, कारण त्या पाण्याबरोबर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. तो कोरड्या ब्रशने झाडावा, ओल कोठून येते ते शोधावे आणि भिंत पुरती वाळल्यावरच प्रायमरला हात घालावा. भिंत वाळली की नाही, हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकच्या कागदाचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दिवसभर भिंतीवर ठेवावा. आतून दव जमले, तर रंगाऱ्याला परत पाठवावे.

ताबा घेताना भिंत ठोकून पाहण्याचा संकोच करू नये. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकत गेले असता गिलावा भिंतीपासून सुटला असेल तेथे आवाज पोकळ येतो. तो भाग खडूने आखून त्याचे छायाचित्र लेखी तक्रारीला जोडावे. रात्री विजेरीचा झोत भिंतीला समांतर धरला, तर दिवसा न दिसणारे उंचवटे आणि थापीचे वळही दिसतात.

माझी मागणी साधी आहे. गिलावा कोणत्या तारखेला झाला, त्याला किती दिवस पाणी मारले आणि प्रायमरचा पहिला हात केव्हा दिला, याची खोलीवार नोंद ताब्याच्या कागदपत्रांसोबत दिली जावी. तसेच दुरुस्तीनंतर ग्राहकाकडून जी सही घेतली जाते, त्या कागदावर दोषाचे कारण आणि केलेले काम लिहिलेले असावे. 'रंगकाम पूर्ण' एवढाच शेरा त्यासाठी पुरेसा मानला जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक