आशाताई, तुम्ही आईची कंबर पाहिलीत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

दारात उभं राहून आभार मानले असते तर ते आपल्या दोघींतच राहिले असते. तुम्ही केलंत ते नागपुरातल्या साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईच्या कानावर जायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही आला होतात बीपी-शुगरचा फॉर्म भरायला. तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरवर भर असतो, त्वचेचा त्यात नाही. पण उठताना आईने परकराची नाडी जरा वर सरकवली आणि तिचा चेहरा आक्रसला, तो तुमच्या नजरेतून सुटला नाही. "दाखवा न काकू," म्हणालात. आईचं ठरलेलं उत्तर, "कायले पाहतं वं, नाड्याचा घट्टा आहे तो." तुम्ही दार लोटून घेतलंत आणि तिच्याशी बोलत बसलात. पोटच्या पोरीलाही न दाखवलेली जागा तिने तुम्हाला दाखवली. काळ्या, जाड झालेल्या पट्ट्यात उचललेल्या कडांची एक जखम होती. आई तिला हळद-खोबरेल लावायची आणि त्याच जागी पुन्हा नाडी कसायची.

कित्येक आठवडे न भरणारी जखम स्किनच्या डॉक्टरनेच पाहायला हवी, हे तुम्ही तिथेच ठामपणे सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या रांगेत आमच्याबरोबर उभ्या राहिलात. तुमचा मोबदला कामागणिक ठरतो. हे काम कुठल्याच यादीत नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. जांघेत गाठ नव्हती, म्हणजे तो पसरल्याची खूण नव्हती. आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसकट जखम काढली. लवकर आलात म्हणून एवढ्यावर भागलं, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या 'लवकर'चं सगळं श्रेय तुमचं आहे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, हे आपल्याकडे नवं नाही. धोतराच्या कमरेशी होणाऱ्या कॅन्सरबद्दल डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 सालीच लिहून ठेवलं आहे. 2024 मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे झालेल्या अशाच जखमेची नोंद एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणजे हे दुखणं आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं! बारीक नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचते, आपल्या उन्हाळ्यात घाम तिथेच मुरतो, कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. असं सतत चालू राहिलं की क्वचित कुणाच्या जखमेतल्या पेशी बिघडतात. क्वचितच, पण कोणाच्या, हे पाहिल्याशिवाय कसं कळणार?

आईच्या सगळ्या परकरांना आता टेलरकडून रुंद पट्टा लावून घेतला आहे. घरात ती सैल गाऊन घालते, आणि त्याबद्दल कोणी बोललेलं तिला खपत नाही. महिन्यातून एकदा मी तिचं अंग नीट पाहते: कंबर, पाठ, जुना भाजल्याचा वण, तळपाय, नखं. सावळ्या माणसांना मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा आणखी एक कॅन्सर, कमी होतो, पण झालाच तर बरेचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, हे मला डॉक्टरांकडूनच कळलं. वाढत जाणारा डाग, मधूनच रक्त येणारी पुळी, नखातली रुंदावणारी काळी रेघ असं काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जायचं. एरवी डॉक्टरांनी दिलेल्या तारखा आहेतच, आणि त्या आई स्वतः लक्षात ठेवते.

एक मागणं आहे. अंगणवाडीतल्या पुढच्या महिला बैठकीत आईला बोलायचं आहे. पुरुष नसतील तर वण दाखवीनही, म्हणते. तारीख ठरली की कळवा, मी तिला घेऊन येते.

तुमची,
काकूंची मुलगी