पाच मिनिटं उठू द्या की पोरांना

मा. संपादक, स.न.वि.वि.

खानापूर तालुक्यातला पाऊस तुमच्या वाचकांना सांगायला नको. जुलैत ग्राउंडवर नुसता राडा, मग पीटीचा तास गणिताला जातो आणि पोरं सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसूनच. माझ्याकडे दुसरी-तिसरी एकत्र, खाली मांडी घालून बसतात, अर्ध्या तासात चुळबूळ सुरू, एक ढकलतोय, दुसरा पेन्सिल चावतोय, आणि मी ओरडतेय. एकदा एक पोरगी म्हणाली, "बाई, पायाला मुंग्या आल्यात की ओ." मी गप्पच झाले.

तेव्हापासून दर तासानंतर पाच मिनिटं सगळे जागेवर उभे. उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा हात उजव्या, आणि मोजायचं कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु (कन्नडच्या टीचर खूश!). ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी निम्म्या पोरांचा हात त्याच बाजूच्या गुडघ्यावर, माझाही दोनदा गेला, खोटं कशाला बोलू. मग बगळा, म्हणजे एका पायावर उभं राहायचं. डोळे उघडे असले तर जमतं, मिटले की सगळे डुगडुगतात, कारण तोल सांभाळायला डोळ्यांची मदत गेली की कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय आणि पायाचे स्नायू यांच्यावरच सगळं येतं. पोरांना यातच जास्त मजा.

शनिवारी लेझीम, हातात लेझीम नसताना. चार ठेके, वाकणं, वळणं, हातपाय एकाच तालात. यावर एक पालक आले, शाळेत नाचवताय काय म्हणून. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हीच पोरं लेझीम खेळली की आपण मोबाईल वर धरून शूटिंग करतो, वर्गात खेळली की टाइमपास!

याने अक्षर सुधारलं, मार्क वाढले असं मी म्हणणार नाही, तेवढं मोजलेलं नाही. पण पुढच्या तासाला ओरडावं कमी लागतं आणि रांगेतून जाताना दप्तराला अडखळून पडणारे दोघं-तिघं आता कमी पडतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आमची पाच-पाच मिनिटं त्यात कुठं पुरतात!

म्हणून हेडमास्तर मंडळींना एवढंच सांगायचंय, पावसाळ्यात पीटीचा तास गणिताला देऊ नका. व्हरांडा आहे की. खडूने ठिकरीची घरं आखा, लंगडी घालू द्या.

आपली,
एक शिक्षिका, खानापूर तालुका, जि. बेळगाव