पिल्लू आईपासून तोडण्याची घाई नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या जिन्याखाली मांजरी वितात आणि पिल्लांचे डोळे उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच ती घरोघर वाटली जातात. 'लहानपणीच आणले की लळा लागतो' ही समजूत त्यामागे असते. ती अर्धीच खरी आहे. पिल्लाला माणसाची सवय सर्वांत सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. परंतु त्यासाठी त्याला आईपासून उचलावे लागत नाही, रोज थोडा वेळ हातात घेऊन गोंजारले तरी पुरते. चावा किती जोरात घ्यायचा, नखे केव्हा आत ओढायची, हे मात्र ते भावंडांशी झोंबताना आणि आईची चापट खातानाच शिकते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासातही आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला.

आम्ही जेमतेम महिन्याचे पिल्लू आणले होते. गाईच्या दुधाने त्याला हगवण लागली, ते कसेबसे वाचले. आज तीन वर्षांची झालेली ती मांजर अजूनही माझ्या पदराचे टोक तोंडात धरून, कणीक तिंबावी तसे पुढचे पंजे हलवत चोखत बसते, तेव्हा मला फार अपराधी वाटते.

बारा आठवड्यांचे पिल्लूही घरात उत्तम रुळते. पोरके पिल्लू सापडले तर गोष्ट वेगळी. पण आई जवळपास असल्यास तिलाच खाऊ घालावे आणि पिल्लांना तोवर तिच्या कुशीत राहू द्यावे, अशी वाचकांना कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे